तेलवाल्याची माती

सोलापूर
सोमवार, २० डिसेंबर १९७१

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

ती. मामांना दाक्षायणीचा नमस्कार, शरणार्थी.

माझ्या अक्षरातलं पाकीट तुम्ही हातात घेणार नाही, म्हणून वर शरणप्पा भावजींचं नाव घातलं आहे. त्यांनी हे तुम्हाला वाचून दाखवावं. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी वाचावं. लपवण्यासारखं आता काही उरलं नाही.

शुक्रवारी आमच्या गल्लीत लढाई जिंकल्याचे पेढे वाटत होते. माझ्याही हातावर कुणीतरी पेढा ठेवला आणि तेवढ्यात तारवाला आला. तार मुंबईच्या एजंट हापिसाची, इंग्रजीत. पलीकडच्या मास्तरांनी वाचली, मग पुन्हा वाचली, आणि मला सांगायचं सोडून घरमालकीण नरसम्माला बाजूला नेऊन सांगितलं. मी म्हटलं, मास्तर, तार माझ्या नावाची आहे. तेव्हा त्यांनी सांगितलं. ‘आल्बा मरीना’ हे जहाज लढाईत कराची बंदराच्या बाहेर बुडालं. तुमचे चिरंजीव विरुपाक्ष सापडले नाहीत. ते गेले असं धरून चालावं, असं हापिसाचं म्हणणं आहे.

मामा, तुम्ही गेली काही वर्षं मैंदर्गीत सगळ्यांना सांगत होता की थोरला कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात आहे. होते, दोन वर्षं होते. तिथंच इंजिनाचं काम शिकले. मग मुंबईला जाऊन जहाजावर लागले, तेलवाले म्हणून. जहाजाच्या पोटात जे इंजिन असतं, त्याच्या सांध्यासांध्यांत तेल घालत राहायचं, ते काम. तुम्हाला हे माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं. आता होईल.

मला तुमच्याकडून एकच पाहिजे. आपल्या शेतात, जिथं तुमच्या वडिलांची समाधी आहे, त्याच्या शेजारी त्यांना जागा द्या. देह नाही. पण त्यांचं इष्टलिंग माझ्याजवळ आहे. तुम्हाला वाटतं, त्यांनी ते धर्म सोडून उतरवलं. तसं नाही. गळ्यात लोंबणारी वस्तू यंत्रात अडकली तर मान जाते, म्हणून इंजिनात कुणालाच गळ्यात काही घालू देत नाहीत. पहिल्या खेपेला निघताना त्यांनी चांदीच्या डबीसकट लिंग माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाले, “मी येईपतोर रोजची पूजा तू कर.” मी केली. एक दिवस चुकवली नाही. माझ्या गळ्यात तेव्हापासून दोन लिंगं आहेत, माझं आणि त्यांचं.

ते मातीला गेलं पाहिजे. जागा सांगा, मी येते.

कागद कुठं ओला दिसला तर मागाच्या कांड्या भरायचं ओलं सूत शेजारी आहे, त्याचं पाणी समजा.

दाक्षायणी

*

सोलापूर
२९ जानेवारी १९७२

ती. मामांना शरणार्थी.

तुमचं उत्तर मिळालं. दोनच ओळी. “आमच्या शेतात त्याला जागा नाही. ज्या दिवशी लिंग उतरवलं त्या दिवशीच तो गेला.” अक्षर भावजींचं आहे, पण बोलणं तुमचं. भावजी एवढं तोडून बोलत नाहीत.

तर मग मीही तोडून लिहिते. मी विचारणं सोडणार नाही.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली. नंदीध्वज आमच्या रस्त्यावरून गेले तेव्हा मी दारात उभी होते, हातात हिरव्या बांगड्या घालून. नरसम्मा म्हणाली, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू देत. माणसाला माती मिळाल्याशिवाय त्याची बायको बांगड्या फोडत नसते. माती तुमच्या हातात आहे, तेव्हा माझ्या बांगड्याही तुमच्याच हातात आहेत असं समजा.

सव्वीस तारखेला इथल्या शाळेत लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार होता. मला बोलावणं नव्हतं. नरसम्मा म्हणाली, “तुझाबी माणूस लढाईतच गेला की. चल.” गेलो. पुढच्या ओळीत एक जागा रिकामी होती, तिथं बसले. सत्कार करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आले. हात जोडून म्हणाले, “ताई, तुमचे यजमान कुठल्या पलटणीत?”

“पलटणीत नाही. जहाजावर होते.”

“वा! आपल्या आरमारात?”

“नाही. माल नेणाऱ्या जहाजावर. परदेशी मालकाच्या.”

“आणि बुडालं कुठं?”

“कराचीच्या बाहेर.”

त्यांचे जोडलेले हात सुटले. मागून कुणीतरी बोललं, “दुश्मनाच्या बंदरात काय करत हुता म्हणावं?” मी उठून मागं वळले. म्हटलं, “कामावर होते. जहाज जिथं जाईल तिथं तेलवाला जातो. लढाई सुरू व्हायच्या आधी जहाज तिथं लागलं होतं. तुम्हाला आणखी काय विचारायचंय?” मला उठ म्हणून सांगायला कुणी आलं नाही, म्हणून मी शेवटपर्यंत तिथंच बसले. हार घेऊन मुलगी माझ्यापर्यंत आली, अध्यक्षांकडं बघितलं आणि पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर चुन्यानं लिहिलेलं होतं, गद्दार.

मी पुसलं नाही. त्याच दारासमोर सतरंजी टाकून कांड्या भरत बसले. सगळी गल्ली येता-जाता बघत होती. ज्यानं रात्री लिहिलं त्यानं दिवसा येऊन माझ्यासमोर ते वाचून दाखवावं, एवढीच माझी इच्छा होती. कोण येतंय! संध्याकाळी नरसम्मानं बादलीभर शेणकाला आणून दार सारवून टाकलं. मी अडवलं तर माझ्यावरच ओरडली, “घर माझं हाय, दार माझं हाय! तू भाडेकरू. गप बस.” आणि मग मला जेवायला घेऊन गेली.

मामा, परक्या तेलगू बाईनं हे केलं. तुम्ही काय करणार आहात?

दाक्षायणी

*

सोलापूर
१२ एप्रिल १९७२

ती. मामांना शरणार्थी.

काल एक गृहस्थ आले होते. अब्दुल लतीफ परकार, दाभोळकडचे. ‘आल्बा मरीना’वर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारे. दोन्ही हातांची कातडी भाजून गुलाबी झाली आहे, बोटं नीट मिटत नाहीत. मुंबईहून रात्रभर प्रवास करून पत्ता शोधत आले आणि दारात उभे राहून आधी म्हणाले, “बाय, मी आत येऊ का हितंच बसू?” मी आत बोलावलं.

त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते. मीठमिरची लावत नाही आणि काढतही नाही.

जहाजात कागदाची मोठमोठी रिळं होती. शाळेच्या वह्या आणि वर्तमानपत्रं ज्याची होतात तो कागद. बसऱ्याहून निघून नोव्हेंबरात ते कराचीला पोचलं. बंदरात जागा नव्हती म्हणून बाहेर नांगर टाकून थांबलं. तेवढ्यात लढाई पेटली. आता निघायला परवानगी मिळेना, आणि हिंदुस्तानी खलाशांनी किनाऱ्यावर पाय ठेवला तर कैद. कप्तान ग्रीक. त्यानं सगळ्यांना सांगितलं, आपण परक्या देशाचं जहाज, आपल्याला कुणी हात लावणार नाही. जहाजाच्या बाजूवर मोठा झेंडा रंगवला. वरून दिसावा म्हणून मालाच्या कोठारांच्या झाकणांवरही रंगवला. परकार म्हणाले, “रंग द्यायला विरुपाक्षबी आला हुता. म्हनाला, भंडारी, अंधारात रंग कुनाला दिसतो?”

त्या रात्री जेवण करून ते पाळीवर खाली इंजिनात उतरले. परकार भांडी विसळत होते. आवाज झाला तेव्हा त्यांना वाटलं, आपलंच इंजिन फुटलं. वर येऊन बघतात तर मधल्या भागात, इंजिनाच्या बाजूनं, जहाज उघडं पडलेलं. कुणाचा मारा होता, कुठून आला, ते त्यांना माहीत नाही आणि सांगणारं कुणी भेटलंही नाही. कागदाची रिळं पेटली होती. जळता कागद सुटून आकाशात उडत होता आणि विझत विझत पाण्यावर पडत होता. खाली जायची शिडी तापून लाल झाली होती. परकारांनी ती धरली. हात तिथं भाजले.

मी विचारलं, “त्यांनी हाक मारली का?”

त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, “बाय, खोटं सांगून तुला बरं वाटत असंल तर सांगतो. पन खरं इचारशील तर, खालून कायच आवाज नाय आला. पयल्या फटक्यालाच झालं असनार.”

मी म्हटलं, खरंच सांगा. आणि त्यांनी खरं सांगितलं म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या एका परदेशी जहाजाच्या होडीनं परकारांना उचललं आणि आखातात नेलं. तिथल्या दवाखान्यात ते पडून होते. हात बरे झाल्यावर मुंबईला आले आणि घरी जायच्या आधी गेलेल्यांच्या घरी जातायत. प्रत्येकाच्या. माझं घर तिसरं.

आणखी एक सांगते. तुम्ही म्हणाला होता, जहाजावर जाईल त्याला काहीबाही खावं लागेल. परकारांनी पहिल्याच खेपेला त्यांच्यासाठी वेगळं पातेलं आणि वेगळी पळी काढली. मासे-मटण शिजायच्या आधी त्यांचा वरण-भात बाजूला काढून ठेवायचे. मी विचारलं, एवढं का केलंत? तर म्हणाले, “तो पयल्या दिवशी नुसता भात आन मीठ खात बसला हुता. मला बघवंना.” तुमच्या घरचं सोवळं त्या माणसानं समुद्रात सांभाळलं, मामा.

जेवून गेले. मी त्यांना घरातल्याच ताटात वाढलं. नरसम्माला वाटलं मी बाहेर सतरंजीवर पत्रावळीचं पान मांडीन. मी नाही मांडलं.

आता तुम्हाला सगळं माहीत आहे. जागा सांगा.

दाक्षायणी

*

सोलापूर
३ जुलै १९७२

ती. मामांना शरणार्थी.

परवा तुम्ही माझ्या दारात आलात. मी सोलापूरला राहायला आल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, जागा सांगायला आलात. मी पाणी घेऊन बाहेर आले तर तुमच्या मागं गावचे पुढारी गुरुबसप्पा उभे, पांढऱ्या टोपीत, आणि बोलायला सुरुवात तुम्ही नाही, त्यांनी केली.

तुमच्यासमोर मी फार बोलले नाही. सासरे आणि त्यात पाहुणे. म्हणून आता लिहिते.

गुरुबसप्पांचं म्हणणं, पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होतायत. मैंदर्गीत मोठा कार्यक्रम आहे. गावातून लढाईत गेलेला कुणी नाही. अक्कलकोटकडच्या गावागावांत एकेक नाव आहे, आपल्या गावाला नाही. तेव्हा विरुपाक्षाचं नाव घेऊ. फक्त एवढंच म्हणायचं, की तो परदेशी जहाजावर राहून दुश्मनाच्या बंदरातली खबर आपल्या लोकांना देत होता.

मी म्हटलं, “तसं काही नव्हतं.”

“नव्हतं कशावरनं? तुला तरी काय ठावं?” गुरुबसप्पा हसले. “आणि कोण तपासाय येतंय? गावाला शहीद मिळंल, तुझ्या ह्या सासऱ्याची, चनबसप्पांची मान वर हुईल, तुला मान मिळंल. आपल्याच शेतात समाधी बांधू की, चबुतऱ्यासकट.”

तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पायरीवर बसून चपलेचा अंगठा चाचपत होता. म्हणालात, “हूं म्हण की, पोरी. एक शब्दाचा तर सवाल हाय.”

मामा, तुम्ही मला पोरी म्हणालात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. त्याच क्षणी मी हो म्हणाले असते, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण तुम्ही गेल्यावर मी विचार केला. दारावर ज्यानं गद्दार लिहिलं तो आणि गुरुबसप्पा, दोघांनाही खरा माणूस चालत नाही. एकाला तो काळा पाहिजे, दुसऱ्याला सोन्याचा. पगारासाठी काम करणारा, घरी परत यायचं ठरवलेला, पाळीवर असताना मेलेला माणूस कुणालाच नको. तुम्हालासुद्धा मुलगा पाहिजे, पण जो होता तो नको.

मला तोच पाहिजे. मी दुसऱ्या कुणाला मातीत घालणार नाही.

आणि जाता जाता गुरुबसप्पा जे म्हणाले, की कार्यक्रम झाला की माझ्या माहेरी बोलून चांगल्या घरी उडकी लावून देऊ, त्याचं उत्तर तुमच्याकडून त्यांना द्या. मला दुसरं लग्न करायचं असेल तर मी करीन. आपल्यात त्याला बंदी नाही. पण ते माझं मी ठरवीन, गुरुबसप्पा नाही.

पंधरा ऑगस्टला मी मैंदर्गीला येणार आहे. कार्यक्रमाला नाही, शेतात. तुम्ही जागा देत नाही, म्हणून मी घेणार आहे. त्या दिवशी माझं नाव किंवा त्यांचं नाव व्यासपीठावरून घेऊ नका. आत्ताच सांगून ठेवते.

दाक्षायणी

*

सोलापूर
१८ ऑगस्ट १९७२

ती. मामांना शरणार्थी.

तुम्ही मंगळवारी कार्यक्रमातून उठून घरी गेलात आणि दार लावून घेतलंत. त्यानंतर शेतात काय झालं ते तुम्हाला कुणी सांगायची हिंमत करणार नाही. मी सांगते.

पण आधी कार्यक्रमाचं. मी मोटारस्टँडवर उतरले तर आत्याबाई तिथं उभ्या. मला वाटलं, अडवायला आल्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “बारव्वा.” चल बाई, एवढंच. शेताची वाट चावडीवरूनच जाते. आम्ही दोघी कडेकडेनं निघालो आणि नेमकं कर्ण्यातून गुरुबसप्पांचा आवाज आला, “आपल्या गावचा वीर विरुपाक्ष! दुश्मनाच्या बंदरात जिवावर उदार होऊन आपल्याला खबर देणारा!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंनी मला विचारलं, “खरं हाय ह्ये?” मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, “मग सांग की जाऊन.”

आत्याबाई म्हणाल्या म्हणून मी वर गेले. हे लक्षात असू द्या. सुनेनं सासऱ्याची गावात अब्रू घालवली असं तुम्ही म्हणत असाल, तर त्या सुनेला तुमच्याच बायकोनं वर पाठवलं.

गुरुबसप्पांना वाटलं मी हार घ्यायला आले. त्यांनी माइक माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, “माझे यजमान खबऱ्या नव्हते. ते जहाजाच्या इंजिनात तेल घालायचे. लढाई सुरू झाली तेव्हा ते कामावर होते आणि कामावरच गेले. त्यांनी कुणाशी गद्दारी केली नाही आणि कुणाची हेरगिरीही केली नाही. ते तुमच्या गावचे होते. एवढंच खरं आहे.”

गुरुबसप्पा माइकवर हात ठेवून पुटपुटले, “बाई, गाव मान देतंय, घ्यावा की! येडं लागलंय का?”

समोरून कुणीतरी ओरडलं, “मग हितं आलीस कशाला?”

मी म्हटलं, “माती द्यायला. ज्याला यायचंय त्यानं शेतात या.”

तुम्ही पहिल्या ओळीत होता. तुम्ही वर बघितलं नाहीत. मी खाली उतरले तेव्हा तुमची खुर्ची रिकामी होती.

मला वाटलं होतं, आम्ही दोघीच असू. पण वाटेत मागं वळून बघितलं तर काही बायका येत होत्या. तुमच्या शेजारच्या केराबाई होत्या, त्यांच्या सुना होत्या, आणखी काही जणी ज्यांची नावं मला माहीत नाहीत. पुरुष एकही नाही. मठातल्या स्वामींना तुम्ही निरोप धाडला होता म्हणे, की येऊ नका. ते आले नाहीत.

यंदा पाऊस नाही. शेत असं तडकलंय की भेगेत हात जावा, पण खणायला गेलं तर दगड. मी पहार घातली तर ती उसळून परत आली. हाताला फोड आले. बायका आळीपाळीनं खणत होत्या. तेवढ्यात शरणप्पा भावजी धावत आले. धोतराला चिखल नाही, धूळच धूळ. काही न बोलता त्यांनी माझ्या हातातून पहार काढून घेतली. तुम्ही त्यांच्यावर रागावू नका. मी बोलावलं नव्हतं.

तुमच्या वडिलांच्या शेजारी, उगवतीच्या बाजूला खड्डा घेतला. देहाएवढा नाही. पण खोल घेतला.

मी गळ्यातून त्यांचं लिंग काढलं. आपल्यातला माणूस जातो, लिंगैक्य होतो, तेव्हा त्याच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवतात, ते सगळ्यांना माहीत आहे. आता हात कुणाचा? मी तशीच उभी राहिले. सगळी तयारी करून आले होते, पण एवढंच मला सुचलं नव्हतं. तेव्हा आत्याबाई पुढं आल्या आणि त्यांनी आपला डावा हात पसरला. म्हणाल्या, “हितं ठेव. नन्न मगा, माझा ल्योक. माझ्या पोटात असताना तो न् मी एकच हुतो की.” मी त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी भस्म लावलं, बेलाची पानं वाहिली. मंत्र त्यांना येतात तेवढे म्हटले, काही मराठीत, काही कानडीत, मधला एखादा विसरल्या तेव्हा केराबाईंनी सांगितला. मग त्या खड्ड्याच्या काठावर बसल्या, हात खाली नेला आणि तिथंच धरून ठेवला. बराच वेळ. कुणी घाई केली नाही. शेवटी त्यांनीच हात रिकामा वर घेतला.

भावजींनी माती लोटली.

त्यानंतर मी बांगड्या काढल्या. फोडल्या नाहीत, काढल्या. त्या पिशवीत घालून सोलापूरला घेऊन आले. त्यांनी घेऊन दिल्या होत्या, दगडावर आपटायला नव्हत्या घेतल्या.

तुम्हाला ती जागा उकरायची असेल तर शेत तुमचं आहे. फक्त दिवसा उकरा, आणि आत्याबाईंना समोर बसवून उकरा.

दाक्षायणी

*

सोलापूर
गुरुवार, १६ नोव्हेंबर १९७२

ती. मामांना शरणार्थी.

तुम्ही उकरलं नाहीत. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुढंच गेलात. भावजी पेंड आणायला इथं बाजारात आले होते, त्यांनी सांगितलं, की दुष्काळात मोकळी सोडलेली जनावरं समाधीवरून जातात म्हणून तुम्ही स्वतः बाभळीचे काटे तोडून कुंपण घातलंत, आणि दाक्षायणीला कळवू नको म्हणालात. भावजींच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं.

सोमवारी तुम्ही स्वतः आलात. या वेळी एकटे. नरसम्मानं बाहेर बाज टाकली तर तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीला टेकून बसलात. मी भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. तुम्ही अर्धी खाल्ली. मी कांड्या भरत होते, तुम्ही माझ्या हातांकडं बघत होता. मग एकदम म्हणालात, “तितं तो करायचा काय गं? म्हंजे दिसभर. नेमकं काय करायचा?”

माझ्या हातातला धागा तुटला. मला बोलता आलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, मी रागानं गप्प बसले. तुम्ही टोपी उचललीत आणि निघालात, मी “थांबा” सुद्धा म्हटलं नाही. राग नव्हता, मामा. वर्षभर सगळ्यांनी मला विचारलं, तो तिथं का होता. तो काय करायचा, हे विचारणारे तुम्ही पहिले.

मला जे माहीत आहे ते सांगते. ते सांगायचे, की इंजिनाच्या खोलीत इतका आवाज असतो की माणसं खुणांनी बोलतात. उकाडा असा, की पाळी संपली की सदरा पिळून वाळत घालायचा. आणि म्हणायचे, की यंत्राला कुठं दुखतंय हे तळवा ठेवला की कळतं. सुट्टीवर आले की घरातही उगाच कशाकशाला तळवा लावून बघत. नरसम्माच्या मागाला लावत, जात्याला लावत. झोपेत माझ्या पाठीला लावत. हे मी सासऱ्यांना लिहायला नको, पण लिहिलं.

याहून जास्त मला माहीत नाही. मी जहाजावर नव्हते. वर्षातले दोन महिने ते माझे होते आणि दहा महिने जहाजाचे. त्या दहा महिन्यांत ते काय बोलायचे, कुणावर चिडायचे, तुमचं नाव काढायचे का, हे सगळं परकारांना माहीत आहे.

आणि परकार येतायत. येत्या रविवारी. त्यांना जागा बघायची आहे. समुद्रात ज्याला सोडून आलो तो कुठं आहे ते एकदा बघू द्या, असं त्यांनी लिहिलं आहे. मी त्यांना मैंदर्गीला घेऊन येणार आहे. आधी शेतात, मग घरी.

तुम्हाला जे विचारायचं आहे ते त्यांना विचारा. पण ओट्यावर बसवून नाही. ते आत येतील, तुमच्या शेजारी बसतील, तुमच्याच घरातल्या ताटात जेवतील. गुरुबसप्पा काय म्हणतील, स्वामी काय म्हणतील, पेठेत कोण काय म्हणेल, ते मी ऐकून घेणार नाही. हे तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच कळवा. आम्ही शेतातूनच परत फिरू आणि तुमचा प्रश्न तुमच्याजवळ राहील.

आत्याबाईंना मी आधीच निरोप धाडला होता. त्यांनी उलट निरोप पाठवला, की पोळ्या करते, पाट किती मांडू तेवढं सांग.

मी कळवलं, चार. मामांचा, भावजींचा, परकारांचा आणि माझा. एखादा रिकामा राहिलाच, तर तो परकारांचा नसेल.

दाक्षायणी विरुपाक्ष